न झोपलेल्या चादरी

साहेब, तुम्ही तेवीस मुलींची झोप चोरलीत आणि तिच्या बदल्यात त्यांना चमकीच्या कागदाच्या चांदण्या वाटल्यात. तुमच्या अहवालात हे सापडणार नाही. सापडेल कसं? चादर वाचता येणारं एकही माणूस तुमच्या कचेरीत नाही. ते माणूस मुलींच्या वसतिगृहाच्या तळघरात होतं, बाह्या कोपरापर्यंत सारून उभं होतं, आणि त्या सोमवारी सकाळी त्याचं डोकं पार चक्रावलं होतं.

"ही पण कोरीच!" साबणमावशी म्हणाली आणि सातवी चादर तिनं बाजूला टाकली.

दर सोमवारी वरच्या मोठ्या खोलीतल्या चोवीस चादरी धुवायला खाली यायच्या. नऊ-दहा वर्षांच्या मुली आठवडाभर लोळल्यावर चादरीचं काय होतं, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं. बावीस वर्षं ती हेच करत होती. कोण चोरून बिस्किटं खातं, कोण पाय न धुता झोपतं, घरची आठवण येऊन कुणाची उशी भिजते, सगळं तिला कापड सांगायचं. आणि या चादरी गप्प होत्या. मागच्या सोमवारी तिनं इस्त्रीनं पाडलेल्या घडीच्या रेघा जशाच्या तशा. खळ अजून कडक. नाकाला लावावी तर साबणाचा वास. रात्रीचे झगे मात्र पाठीवर करडे झालेले, जणू मुलींनी आठवडाभर फरशी पुसायचं काम पाठीनंच केलं होतं.

"पोरी झोपतात कुठं? हवेत?"

चोविसावी चादर तेवढी चादरीसारखी होती. पार चोळामोळा, पेन्सिलीच्या रेघा, पावाचा चुरा आणि आत गुंडाळलेला एक मोजा. ती कुणाची हे बघायला कोपऱ्यावरची खूण शोधायचीही गरज नव्हती. पसाऱ्याची.

पसारा हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते खोलीतल्या मुलींनी ठेवलं होतं आणि ते तिला चपखल बसलं होतं. दोन पायांत दोन वेगळे बूट घालून वर्गात जाणारी, दात घासायचा ब्रश कंपासपेटीत आणि पट्टी उशीखाली ठेवणारी ही सतरा नंबरची मुलगी. आईवडील पुलांच्या कामावर. एक पूल उभा राहिला की बिऱ्हाड उचलून पुढच्या नदीवर. नऊ वर्षांत पोरीनं सात नद्या पाहिल्या होत्या आणि शाळा एकही पुरती पाहिली नव्हती. ही पहिलीच, जिथं ती सलग दीड वर्ष टिकली होती.

मावशीची आणि तिची गाठ पडली ती मोज्यापायी. दीड महिन्यापूर्वी ती तळघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, माझा मोजा आलाय?"

"आलाय. अठ्ठेचाळीस आलेत. सगळे पांढरे. ओळख तुझा."

पोरगी ढिगाकडे बघत राहिली. मावशीनं ढिगात हात घातला, दोन-तीन मोजे बोटांनी चाचपले आणि एक काढून तिच्या हातात दिला. पोरीचा आ वासला.

"न बघता? तुला कसं कळलं?"

आता, बावीस वर्षांत हा प्रश्न मावशीला कुणीही विचारला नव्हता. रेक्टरबाईंनी नाही, शिक्षकांनी नाही, आणि साहेब, तुम्ही तर नाहीच नाही. मावशीनं मोज्याची कड उलटी करून दाखवली. तिथं लाल दोऱ्याचे टाके होते. आडवा टाका म्हणजे दहा, लांब उभा टाका म्हणजे पाच, आखूड टाका म्हणजे एक. ही मावशीची स्वतःची विद्या. शाईनं नंबर घातले तर धुण्यात जातात, टाके जात नाहीत, आणि बोटांना अंधारातही कळतात.

"एक आडवा, एक लांब, दोन आखूड," पोरीनं बोट फिरवलं. "दहा, पाच... सतरा! म्हणजे मी!" तिनं ढिगातून दुसरा मोजा ओढला. "हा नऊ! टापटिपीचा, जिच्या वेण्या कधी सुटत नाहीत! हा तेवीस! मावशी, हे कुणी शोधलं?"

"मी."

"तू?"

"का? माझ्या डोक्यात काय नुसता फेस आहे?"

पोरगी खुदकन हसली आणि तिथंच फतकल मारून बसली. सगळे अठ्ठेचाळीस मोजे जोड्या लावूनच उठली. जाताना म्हणाली, "मला टाके घालायला शिकव ना."

"सकाळी सहाला ये. हात धुऊन, नखं कापून. सहा म्हणजे सहा. बॉयलर पेटला की माझ्याकडे वेळ नसतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही."

हे बोलताना मावशीच्या मनात होतं, की ही काही येत नाही. जी पोरगी घंटा झाल्यावरसुद्धा दोनदा हलवल्याशिवाय उठत नाही, ती घंटेच्या अर्धा तास आधी कुठली उठायला!

पहिल्या दिवशी ती सहा वीसला आली. मावशीनं आतून कडी घातली होती. दाराखालच्या फटीतून तिला दोन बूट दिसले, ते थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. मावशीचा हात कडीपर्यंत गेला, पण तिनं कडी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी पावणेसहाला कामावर आली तर पोरगी दाराला टेकून गाढ झोपलेली. नखं इतकी कापलेली की बोटं लाल.

"कधीपासून बसलीस गं?"

"माहीत नाही. कोंबडापण उठला नव्हता." डोळे चोळत ती म्हणाली. "काल झोपताना तीन ग्लास पाणी प्यायले. म्हणजे सकाळी उठावंच लागतं ना. पण तीन जास्त झाले. आज दोन पिऊन बघते."

मावशी हसून हसून खाली बसली. पण पोरगी गंभीर होती. दोन ग्लासांनी ती पाचला उठली, एकानं साडेसहाला. पाचव्या दिवशी ती सहाला दहा कमी असताना दारात हजर झाली, हात धुतलेले, केस बांधलेले.

"दीड ग्लास," तिनं जाहीर केलं. "एक जेवताना, अर्धा झोपताना."

साहेब, याला तुम्ही स्वव्यवस्थापन म्हणता ते मला माहीत आहे. तुमच्या पुस्तिकेत त्यावर चौदा पानं आहेत. पण त्या चौदा पानांत दीड ग्लास कुठंच नाही, कारण तो त्या पोरीनं स्वतः काढलेला आकडा आहे, आणि तिला तो काढावासा वाटला कारण सहा वाजता तिला कुठंतरी पोचायचं होतं.

मावशीला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं, ती त्यातूनच गेली होती. लहानपणी शाळेत तिला अक्षरं कधी लागली नाहीत. गुरुजी मारायचे, ती पळायची, हिशेब मिटला. आणि मग नणंदेच्या बदली तीन महिन्यांसाठी म्हणून इथं कामाला आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं तेव्हाच्या रेक्टरबाईंचा लोकरीचा स्वेटर उकळून काढला. बाहेर निघाला तेव्हा तो बाहुलीच्या अंगात बसला असता. स्वेटरच्या आत एक चिमुकली पट्टी होती आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं होतं. कुणीतरी ते तिला वाचून दाखवलं : गरम पाण्यात घालू नये. त्या दिवसापासून मावशी येणाऱ्या प्रत्येक कपड्याची पट्टी बघायला लागली, एकेक अक्षर विचारायला लागली, आणि वर्षभरात वाचायला शिकली. कुणी छडी घेतली नाही की चांदणी दिली नाही. आपल्या हातून दुसरा स्वेटर मरू नये, एवढंच तिला हवं होतं.

पसारा रोज येऊ लागली. शिकता शिकता तिनं जो घोटाळा करायचा तो केलाच. एका सकाळी तिनं टापटिपीच्या मोज्यांवर पुसट झालेल्या खुणा नव्यानं घातल्या, सुबक, सरळ, मावशीनंही वाहवा केली. तासाभरानं वरून टापटीप एका पायावर उड्या मारत खाली आली.

"मावशी, माझे मोजे बंद झालेत! पायच जात नाही!"

टाके दोन्ही पदरांतून गेले होते. सहाच्या सहा जोड मोज्यांची तोंडं शिवलेली.

"अगं सतरा नंबर, तू मोजे शिवलेस की पाकिटं?" मावशी म्हणाली.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. ती सगळे टाके उसवत बसली. दुसऱ्या दिवशी येताना वहीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन आली. मोज्यात आधी पुठ्ठा सरकवायचा, मग टाका घालायचा, म्हणजे सुई पलीकडं जातच नाही. मावशीनं तो पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. बावीस वर्षांत हे तिला सुचलं नव्हतं.

तर अशी ही पोरगी. मंगळवारी सहाला ती आली तेव्हा मावशीनं सरळ विषयाला हात घातला.

"काय गं, वरच्या पोरी झोपतात कुठं?"

"खाली. फरशीवर."

"का? गाद्यांत काय ढेकूण झालेत?"

"अंथरूण विस्कटलं की बाईंच्या तक्त्यातली चांदणी जाते ना. गेल्या आठवड्यापासून चांदण्या दुप्पट आहेत, शुक्रवारी वरचे साहेब येणार म्हणून. सकाळी घंटेनंतर लगेच बाई बघायला येतात, तेवढ्यात चादर नीट होत नाही. मग टापटीप म्हणाली, विस्कटायचीच कशाला?"

मावशीच्या हातातली सुई थांबली. "आणि तू गं?"

"मला फरशीवर झोप लागत नाही. आणि झोप नाही लागली तर सहाला जाग कशी येणार?"

"मग तुझ्या चांदण्या?"

"तीन." पोरगी दोऱ्याला गाठ मारत होती. "अंथरुणाच्या रकान्यात फुली, कारण मी आवरत बसले तर इथं उशीर होतो. वेळेच्या रकान्यात पण फुली. घंटा होते तेव्हा आपापल्या पलंगापाशी उभं राहायचं असतं. मी तेव्हा इथं असते."

"म्हणजे तू सगळ्यांच्या आधी उठतेस, आणि उशिरा उठणारी म्हणून तुला फुली?"

"हो." तिनं दोरा दातानं तोडला. "मावशी, ज्यांच्या चांदण्या निम्म्याहून कमी, त्यांना शुक्रवारनंतर घरी पाठवणार आहेत. पण आमचं घर आत्ता कुठल्या नदीवर आहे ते मला माहीत नाही. कुणाला विचारायचं?"

सहा म्हणजे सहा, असं पोरीला मावशीच म्हणाली होती.

दुपारी ती रेक्टरबाईंना जिन्यात गाठून बोलली. रेक्टरबाई वाईट नव्हत्या. मुली आजारी पडल्या तर उशाशी बसणारी बाई ती. पण वरून कागद आला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

"मावशी, मला काय कळत नाही का? पण तक्ता वरून आलाय. स्वव्यवस्थापन कौशल्य. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात पेन आहे बाई. फुली तुम्हीच मारता."

"खोटी चांदणी कशी देऊ?"

"खोटी फुली देता तेव्हा?"

रेक्टरबाई वर गेल्या. त्या रात्री जेवताना मावशीनं घरी सगळं सांगितलं. नवरा बस चालवायचा, आणि उभ्या आयुष्यात त्यानं कुठलीही गोष्ट सरळ सांगितली नव्हती.

"शुक्रवारी वर जाणार म्हणतेस? जा की. येताना नोकरी खाली घेऊन ये, तेवढी वरच विसरू नकोस."

"गेली तर गेली."

"गेली तर माझ्या बसमध्ये कंडक्टर हो. तुझा आवाज ऐकून लोक आपणहून तिकीट मागतील." मग तिच्या ताटात भाजी वाढत म्हणाला, "पोरगी खरंच दीड ग्लास प्यायची?"

"मोजून."

"मग जा," तो म्हणाला.

शुक्रवारी मावशी सोमवारपासून न धुता ठेवलेली टापटिपीची चादर आणि तिचा झगा काखेत मारून जिना चढली. कचेरीत वरचे साहेब बसले होते, म्हणजे तुम्हीच. गोरेगोमटे, हसतमुख, गुळगुळीत दाढी केलेले. टेबलावर तक्ता पसरला होता आणि टापटीप बक्षीस घेऊन समोर उभी होती, एकशे चौऱ्याण्णव चांदण्यांची मालकीण. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या धुलाईच्या मावशी," रेक्टरबाई म्हणाल्या. "मावशी, नंतर या ना जरा..."

"नंतर पोरगी गेलेली असेल." मावशीनं चादर टेबलावर, तक्त्याच्या बरोबर वर उलगडली. "ही बघा साहेब, हिची चादर. आठवडाभर वापरली असं तुमचा कागद म्हणतो. हात लावा. खळ मोडलीय का? आणि हा झगा. पाठ बघा."

साहेबांनी झग्याला हात लावला नाही. "याचा अर्थ काय?"

मावशीनं टापटिपीच्या केसांवरून हात फिरवला. "बाळा, तू सांग. घाबरू नकोस. कुठं झोपतेस?"

टापटिपीनं रेक्टरबाईंकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, हातातल्या बक्षिसाकडं बघितलं, आणि तिला एवढी मोठी जांभई आली की उत्तर त्यातच आलं.

"खाली," ती म्हणाली. "सगळ्याच. पसारा सोडून. मलापण सहाला मावशीकडं जायचंय. टाके शिकायचेत. पण चांदणी जाते."

मग साहेबांनी घसा साफ केला. "हे पहा, काही त्रुटी असतील. पण एकूण सुधारणा सत्तर टक्के आहे. आता ही जी सतरा नंबरची विद्यार्थिनी..."

"ती पहाटे आपली आपण उठते. कुणी हाक मारत नाही. अठ्ठेचाळीस मोजे जोडीनं लावते. चूक झाली तर रडत बसत नाही, पुठ्ठा घेऊन येते. याला तुमच्या कागदावर रकाना कुठला?"

"मावशी, या गोष्टी मोजता येत नाहीत."

"दीड ग्लास," मावशी म्हणाली. "मोजलंय की तिनं."

रेक्टरबाईंना ठसका लागला. तो हसण्याचा होता, आणि तो लपवायला त्यांना खिडकीकडं तोंड करावं लागलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी फाइल मिटली, पेनाचं टोपण लावलं.

"तुमच्या भावना मी समजू शकतो. पण नियम नियम आहे. अपवाद करायचा तर मला वर विचारावं लागेल."

"तुमच्याही वर कुणी आहे?" मावशीला खरंच आश्चर्य वाटलं. "आम्ही तर तुम्हालाच वरचे म्हणतो."

"पत्रानं कळवू."

"कुणाला कळवाल? पोरीचं घर कुठल्या नदीवर आहे ते तुम्हाला माहीत आहे?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. खाली अंगणात गाडीवाल्यानं इंजीन सुरू केलं होतं. ते उठायला लागले.

आणि तेव्हा मावशीनं टेबलापुढची खुर्ची ओढली. बावीस वर्षांत ती या खोलीत पडदे काढायला आली होती, पडदे लावायला आली होती, पण बसली कधीच नव्हती. कुणी बस म्हटलंही नव्हतं. ती बसली. ओल्या ॲप्रनचं पाणी खुर्चीच्या गादीत उतरलं, तिनं तिकडं बघितलंही नाही. हात मांडीवर ठेवले, सुरकुतलेले, साबणानं पांढरे पडलेले, आणि साहेबांकडं बघत राहिली. साहेब अर्धे उठलेले, अर्धे बसलेले, तसेच अडकले.

रेक्टरबाई खिडकीपासून वळल्या. आपल्या रोजच्या जागी, टेबलाच्या पलीकडं साहेबांच्या शेजारी, त्या गेल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून त्या अलीकडं आल्या, भिंतीची एक खुर्ची उचलली, मावशीच्या खुर्चीला लावून ठेवली आणि बसल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, आणि आवाज मुळीच बारीक नव्हता, "पत्र नको. आत्ता सांगा. आमची पोरगी राहणार की नाही?"